बाकावरून सायकलीमागे

सात वर्षांच्या मुलीच्या सायकलीचे कॅरिअर धरून मी पहिल्यांदा धावले, तेव्हा साधारण चाळीस पावलांनंतर मला थांबावे लागले. ती थकलेली नव्हती. माझी मात्र छाती भात्यासारखी चालली होती, वाकून धावल्याने कंबर धरली होती, आणि मागे पाहायचे नाही असे दहा वेळा बजावूनही ती मान वळवून विचारत होती, "आई, तू का थांबलीस?" या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे होते की गेल्या अकरा वर्षांत मी कधी धावलेच नव्हते, आणि धावले नव्हते हेही मला त्या चाळीस पावलांपर्यंत ठाऊक नव्हते.

त्या अकरांपैकी शेवटची तीन वर्षे मी आठवड्यातून दोन संध्याकाळी तिच्या पोहण्याच्या वर्गाबाहेरच्या बाकावर बसून काढली होती. बाकावर आम्ही आठ-दहा जण असायचो. प्रत्येकाच्या मांडीवर कोरडा टॉवेल, हातात फोन, आणि पाठीला तोच बाक. मुलाचा व्यायाम व्हावा म्हणून मोठ्यांनी तासभर बसून राहायचे, ही व्यवस्था आमच्यापैकी कोणालाही विचित्र वाटत नव्हती. उलट आपण मुलासाठी वेळ काढतो आहोत याचे समाधान होते, आणि ते खोटेही नव्हते. मात्र त्या तासात पाण्यात असलेल्या मुलांचे स्नायू तयार होत होते आणि आमचे झिजत होते.

माझे म्हणणे असे आहे की मुलांच्या व्यायामाचा प्रश्न आणि मोठ्यांच्या व्यायामाचा प्रश्न हे मुळात एकच असताना आपण ते दोन वेगळ्या खात्यांवर मांडले, आणि त्यामुळे दोन्ही खाती तोट्यात गेली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगातील ३१ टक्के प्रौढ, म्हणजे सुमारे १८० कोटी माणसे, पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हती. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ३४ टक्के आणि पुरुषांमध्ये २९ टक्के होते. ११ ते १७ या वयोगटाचे चित्र त्याहून वाईट आहे. २०१६ च्या आकडेवारीप्रमाणे त्यांतील ८० टक्क्यांहून अधिक मुले-मुली पुरेशा हालचालीपासून दूर होती. हे आकडे वाचून मुलांसाठी क्रीडावर्ग आणि मोठ्यांसाठी व्यायामशाळा असे दोन उपाय सुचवले जातात. दोन्हींसाठी वेगळी वेळ, वेगळे शुल्क, वेगळी जागा. एकाच घरातली माणसे एकमेकांपासून दूर जाऊन तंदुरुस्त व्हावीत, अशीच जणू अपेक्षा असते.

मोठ्यांच्या बाबतीत या अपेक्षेला आणखी एक अट जोडलेली असते, ती इच्छाशक्तीची. व्यायाम सुटला म्हणजे माणूस आळशी, पुन्हा सुरू झाला म्हणजे निग्रही, असा सरळ हिशेब आपण स्वतःच्या बाबतीतही मांडत असतो. मीही मांडला होता. तीनदा व्यायामशाळेत नाव घातले, तीनदा नव्याचे नऊ दिवस झाले, आणि मग येरे माझ्या मागल्या. दर वेळी मी दोष स्वतःला दिला. पण घर, नोकरी आणि लहान मूल यांच्या मधोमध केवळ स्वतःसाठी राखून ठेवायचा तो तासच मुळात किती लटका होता, हे कधी तपासून पाहिले नाही. ताप आला, पाहुणे आले, शाळेची सभा निघाली की सर्वांत आधी बळी जातो तो याच तासाचा, कारण तो गेल्याने घरातल्या दुसऱ्या कोणाचेही काही अडत नाही.

शारीरिक हालचाल आणि आरोग्य यांच्या आधुनिक अभ्यासाची सुरुवात ज्या संशोधनापासून मोजली जाते, त्यात इच्छाशक्तीचा संबंधच नव्हता, हे इथे आठवण्याजोगे आहे. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि वाहक यांची तुलना प्रसिद्ध केली. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा दिवसभर जिने चढउतर करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होता. मॉरिस यांनी पुढे गणवेशांची मापे तपासली तेव्हा चालकांच्या कमरेचा घेर आधीपासूनच मोठा असल्याचेही दिसले, त्यामुळे सगळे श्रेय जिन्याला देता येत नाही. अशी शंका स्वतःच काढून स्वतःच तपासणारा संशोधक मला अधिक विश्वासार्ह वाटतो. तरीही मूळ निरीक्षणाचे मोल उरतेच. ते वाहक व्यायाम करत नव्हते. तिकिटे फाडायला वरच्या मजल्यावर जाणे भाग होते, म्हणून ते जात होते. सायकल शिकवणाऱ्या आईबापांची गोष्ट त्याच जातीची आहे. मूल सीटवर बसून वाट पाहत असते, आणि आपण गेलो नाही तर त्याचे अडते.

"हा काही खरा व्यायाम नव्हे" असे यावर ऐकायला मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींप्रमाणे प्रौढाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस हालचाल करावी, शिवाय निदान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम करावेत. २०१० च्या शिफारशींत एक अट होती, की हालचालीचा प्रत्येक तुकडा सलग किमान १० मिनिटांचा असावा. २०२० च्या सुधारित शिफारशींतून ती अट काढून टाकण्यात आली. ही दुरुस्ती वाटते त्यापेक्षा मोठी आहे, कारण पालकांचे आयुष्य सलग दहा मिनिटांच्या तुकड्यांत मिळत नाही. एका संध्याकाळी मी मोजले: पाऊण तासात एकतीस फेऱ्या, प्रत्येक फेरीत वीस-पंचवीस सेकंदांचे धावणे, मग वळणे, दम घेणे, तिचा बूट बांधणे, पडलेले हेल्मेट सारखे करणे आणि पुन्हा धावणे. धावण्याची बेरीज जेमतेम अकरा-बारा मिनिटे भरली, पण रात्री मांड्या जे सांगत होत्या त्यावर माझा अधिक विश्वास आहे. थोडे जोरात, थोडे सावकाश, पुन्हा जोरात, या पद्धतीला प्रशिक्षक मोठे नाव देतात आणि घड्याळ लावून ती करवून घेतात. माझे घड्याळ सीटवर बसून "चल ना" म्हणत होते.

धावण्याला पर्याय नसतो, याला कारण खुद्द सायकल आहे. सायकल उजवीकडे कलली की हँडल उजवीकडेच वळवावे लागते, म्हणजे चाके घसरणाऱ्या भाराखाली परत येतात आणि तोल सावरतो. सायकल सरळ चालते म्हणजे प्रत्यक्षात ती सतत थोडी थोडी पडत असते आणि सतत सावरली जात असते. पुरेसा वेग असेल तर ती हे बरेचसे काम स्वारावाचूनही करते. फिरत्या चाकांच्या भोवऱ्यासारख्या गुणामुळे किंवा पुढच्या चाकाच्या विशिष्ट रचनेमुळे असे होते, असे पूर्वी ठामपणे सांगितले जाई. २०११ मध्ये संशोधकांनी हे दोन्ही परिणाम काढून टाकलेली सायकल बनवून दाखवली आणि तीही आपली आपण तोल सावरत गेली. कारण एकच एक नाही, एवढे त्यातून दिसले. आपल्या कामाची गोष्ट मात्र पक्की आहे: वेग नसेल तर सायकल डगमगते. चालण्याच्या गतीने ढकललेल्या सायकलीवर मूल तोल शिकत नाही, आपल्या हाताच्या आधाराने बसायला शिकते. तोल शिकवायचा तर मोठ्या माणसाला निदान संथ धावण्याची गती गाठावीच लागते. इथे अंगचोरी करायला भौतिकशास्त्र वाव देत नाही.

आम्ही पहिला आठवडा वाया घालवला तो मागच्या चाकाला लावलेल्या आधाराच्या छोट्या चाकांमुळे. ती चाके पेडल मारायला शिकवतात, पण तोलाबद्दल चुकीचे काही शिकवतात. सायकल कलूच देत नसल्याने वळणावर अंग बाहेर फेकले जाते, आणि वळताना आत झुकण्याची जी सवय पुढे लागते तिच्या बरोबर उलट सवय जडते. दुसऱ्या आठवड्यात आधाराची चाके काढली, आणि त्यांच्याबरोबर पेडलही काढली. सीट इतकी खाली आणली की दोन्ही तळवे जमिनीला पुरते टेकतील. या कामात एक तासभर गेला तो डाव्या पेडलपायी. उजव्या पेडलचे आटे नेहमीसारखे असतात, डाव्याचे उलटे. डावे सोडवायला पाना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावा लागतो. हे मला ठाऊक नसल्याने मी ते सर्व ताकदीनिशी आणखी घट्ट करत बसले होते. (त्या दिवशीचा स्नायूंना ताकद देणारा व्यायाम मी हिशेबात धरला आहे.)

पेडल नसलेली सायकल ही काही नवी युक्ती नाही. कार्ल ड्राइस यांनी १८१७ मध्ये रस्त्यावर आणलेल्या दुचाकीला पेडल नव्हतीच. स्वार दोन्ही पायांनी जमीन मागे ढकलत पुढे जाई. पेडल आली ती १८६० च्या दशकात, पॅरिसमध्ये, तीही पुढच्या चाकाला. म्हणजे माणसाने दोन चाकांवर तोल आधी शिकला आणि पेडल मारणे चाळीसहून अधिक वर्षांनी. आधाराची चाके लावून आपण मुलांना हा क्रम उलटा शिकवतो आणि मग मूल घाबरते म्हणून त्यालाच बोल लावतो. पेडलविना सायकलवर मुलगी चार दिवसांत पाय उचलून उतारावरून सरळ जाऊ लागली. पेडल परत लावल्यावर जे उरले ते भीतीचे होते, आणि भीतीवर धावण्यावाचून दुसरा उपाय नव्हता.

धरायचे कुठे, हाही प्रश्न वाटतो तितका साधा नाही. हँडल धरले तर मूल वळवते एकीकडे आणि आपण दुसरीकडे, त्यामुळे सावरण्याची क्रिया त्याच्या हातात येतच नाही. कॅरिअर धरले तर सायकल सरळ राहते, पण ती कलते आहे हे मुलाला जाणवत नाही, कारण कल आपणच खाऊन टाकतो. शेवटी तिच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, नुसता तळवा टेकवून मी धावू लागले. त्यात माझी कंबर सरळ झाली, हे आधी लक्षात आले. आणि तिची सायकल तिची झाली, हे नंतर. "सोडू नकोस हं" असे ती दर फेरीला म्हणायची. मी कधीही न सांगता सोडले नाही. कित्येक घरांत सांगितल्याविना सोडण्याची पद्धत आहे आणि ती यशस्वीही होते, पण मला ती पटत नाही. तळवा हळूहळू हलका होत गेला आणि एका फेरीत तीच म्हणाली, "आता काढ." मी हात काढला, आणि तरीही बरोबर धावत राहिले, कारण थांबायचे कसे हे तिला अजून शिकवलेले नव्हते.

शरीराच्या बाबतीतही परतण्याचा एक क्रम आहे आणि तो मी मोडला. डॅलसमध्ये १९६६ साली झालेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहायला लावले होते. तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, त्याच पाच जणांना पुन्हा तपासले तेव्हा असे दिसले की शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता तीस वर्षांच्या वयवाढीने जेवढी घटली होती, त्यापेक्षा ती तरुणपणीच्या तीन आठवड्यांच्या पडून राहण्याने अधिक घटली होती. त्याहून दिलासा देणारा भाग पुढे आहे. पन्नाशीतल्या या पाच जणांनी सहा महिने हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम केला आणि त्यांची क्षमता त्यांच्या विशीतल्या, अंथरुणाआधीच्या पातळीवर परत आली. पाच माणसांच्या प्रयोगावर धोरण उभारता येत नाही, हे मान्य. पण चाळिशीत चाळीस पावलांवर थांबलेल्या माणसाने "आता वय झाले" असे म्हणण्याआधी तो नक्की वाचावा. आपण ज्याला वय म्हणतो त्यातला बराच भाग बाकाचा असतो.

अर्थात दम लवकर परत येतो, स्नायूही मागोमाग येतात. स्नायूंना हाडांशी बांधणारे स्नायुबंध मात्र सावकाश घट्ट होतात. या तफावतीत दुखापती होतात, आणि माझी तशीच झाली. तिसऱ्या आठवड्यात दम लागेनासा झाला होता, त्या भरात एका संध्याकाळी मी सपाट चपला घालून उतारावर धावले, आणि डाव्या पोटरीत कोणी मागून खडा मारावा तशी कळ आली. दहा दिवस लंगडत काढले. त्या दहा दिवसांत मुलगी ब्रेक लावायला शिकली, कारण मी तिच्या पुढे उभी राहून फक्त एवढेच शिकवू शकत होते. दुखापतीला चांगले म्हणण्याचा मोह मला होत नाही. बूट घालायला हवे होते, आधी दोन आठवडे नुसते भरभर चालायला हवे होते, आणि रोजच्याऐवजी एक दिवसाआड धावायला हवे होते. हे सांगणारे कोणी त्या बाकाजवळ असते तर बरे झाले असते. प्रत्येक वर्गाबाहेर मुलांच्या प्रगतीचा तक्ता असतो, पण बसलेल्या माणसांकडे कोणी पाहत नाही.

आता खऱ्या अडचणीकडे यायला हवे. मूल सायकल शिकले की शिकवणाऱ्याचे काम संपते. आमच्या बाबतीत ते सव्वा महिन्यात संपले. तिला माझ्या तळव्याची गरज उरली नाही, आणि माझ्या लक्षात आले की आता ती फेऱ्या मारणार आणि मी पुन्हा कडेच्या बाकावर बसणार. या टप्प्यावर दोनच वाटा असतात. एक, मोठ्याने स्वतःही सायकल काढावी आणि मुलाबरोबर निघावे. दुसरी, मुलाला कोणत्या तरी सायकल वर्गात घालावे आणि बाहेर बसावे. पहिली वाट घ्यायची तर कुठेतरी जाता आले पाहिजे, आणि इथून पुढे हा घरातला प्रश्न राहत नाही.

इंग्लंडमधील एका अभ्यासानुसार १९७१ मध्ये सात-आठ वर्षांची ८० टक्के मुले मोठ्यांच्या सोबतीशिवाय शाळेत जात असत. १९९० मध्ये ते प्रमाण ९ टक्क्यांवर आले. एकोणीस वर्षांत मुले भित्री झाली नाहीत आणि आईवडीलही बेजबाबदारीकडून जबाबदारीकडे आले नाहीत. रस्त्यावरची वाहने वाढली, म्हणून मुलांना आत घेतले गेले. मुले आत आली म्हणून त्यांना व्यायामासाठी बाहेर कुठेतरी नेणे भाग पडले. न्यायचे ते वाहनातून, म्हणजे रस्त्यावर आणखी एक वाहन. या चक्रात मूल आणि मोठे माणूस दोघेही बसूनच असतात. एखाद्या वस्तीतली किती मुले घरापासून सायकलवर निघून कुठेतरी पोहोचू शकतात, हा त्या वस्तीतल्या मोठ्यांच्या प्रकृतीचाही निर्देशांक आहे असे मी मानते, आणि आरोग्य खात्यांनी तो मोजावा असे माझे मत आहे.

याबाबतीत पालक काय करतात, हे पाहताना मला जॉन बॉइड डनलप आठवतात. बेलफास्टमध्ये पशुवैद्य असलेल्या या गृहस्थांनी १८८७ मध्ये आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीला हवा भरलेल्या रबरी नळ्या बसवल्या, कारण खडबडीत रस्त्यावर कडक चाकांचे हादरे बसत होते. जगभरच्या वाहनांखाली आज जी हवा आहे, तिच्यामागे एक बाप आणि एक मूल आहे ही गोष्ट मला फार आवडते. पण तिची दुसरी बाजूही आहे. बापाने चाक बदलले. रस्ता बदलणे त्याच्या हातात नव्हते. आजही आपण तेच करत असतो. चांगले हेल्मेट घेतो, चमकणाऱ्या पट्ट्या लावतो, घंटा बसवतो, आणि ते सारे करावेच. हेल्मेटमुळे डोक्याच्या दुखापती कमी होतात यात वाद नाही. मात्र मुलाच्या अंगावर जे बसवता येते तेवढीच आपली जबाबदारी, असे मानले की रस्त्यावरच्या वेगाला कोणी जबाबदार राहत नाही.

त्या वेगाचे गणित शाळेतले आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ३० किलोमीटरऐवजी ५० किलोमीटरने जाणारे तेच वाहन सुमारे पावणेतीन पट ऊर्जा घेऊन येते. शिवाय चालकाला मूल दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत वाहन जे अंतर कापते तेही वाढते. स्पेनने २०२१ पासून शहरांतील ज्या रस्त्यांवर प्रत्येक दिशेला एकच मार्गिका आहे तिथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा घातली. नेदरलँड्समध्ये हा विचार त्याहून आधीचा आहे आणि तो शहाण्यांच्या समितीतून आला नाही. १९७१ मध्ये त्या छोट्या देशात ४०० हून अधिक मुले रस्त्यांवर मृत्युमुखी पडली, आणि त्यानंतर "मुलांची हत्या थांबवा" असे थेट नाव घेतलेली चळवळ आईवडिलांनी उभी केली. तिच्या मागणीला बळ मिळत गेले, आणि जिथे वाहनाला माणसाच्या चालीने जावे लागते आणि मुलांना रस्त्यात खेळण्याचा हक्क असतो अशा वस्तीतल्या रस्त्यांना १९७६ मध्ये कायद्याने मान्यता मिळाली. आज त्या देशात म्हातारी माणसेही सायकल चालवतात याचे कौतुक होते तेव्हा देश सपाट आहे, तिथले लोक तसेच आहेत, अशी कारणे दिली जातात. १९७१ मध्येही तो देश सपाटच होता.

यावर असे म्हटले जाईल की त्यासाठी मैदाने आहेत, बागा आहेत. मैदानाचे मोल मी कमी करत नाही. आम्ही शिकलो तेही मैदानाच्या कडेलाच. पण वाहनात सायकल घालून ज्या मैदानावर जावे लागते तिथे माणूस आठवड्यातून एकदा जातो, आणि दाराबाहेरच्या संथ रस्त्यावर रोज. नियमितपणाला जितके श्रेय निग्रहाचे दिले जाते, तितकेच अंतराचे द्यायला हवे. कायमस्वरूपी बदलाला पैसा आणि वेळ लागतो हा आक्षेप खरा आहे, पण त्याचेही एक उत्तर दुसऱ्या खंडात सापडते. कोलंबियाची राजधानी बोगोता इथे १९७४ पासून चालत आलेल्या प्रथेप्रमाणे दर रविवारी आणि सुटीच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोनपर्यंत मोठे रस्ते वाहनांना बंद होतात. आता ही लांबी १२० किलोमीटरच्या पुढे गेली आहे. त्यासाठी नवे रस्ते बांधावे लागले नाहीत. आहेत त्याच रस्त्यांवर काही तासांसाठी अडथळे उभे केले की ते मुलांचे होतात, आणि मुले जिथे जातात तिथे मोठ्यांना मागोमाग जावेच लागते.

आणखी एक आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. मुलाच्या शिकण्याला मोठ्यांच्या व्यायामाचे साधन करणे योग्य आहे का? पालक मनगटावरच्या घड्याळात पावले मोजत धावू लागला तर मुलाला ते कळते. मी फेऱ्या मोजल्या त्या संध्याकाळी मुलगी चिडली होती, कारण तिला मध्येच एक मुंग्यांची रांग पाहायची होती आणि मला बत्तिसावी फेरी. त्यानंतर मी मोजणे सोडले. जो व्यायाम कोणाच्या तरी कामी पडता पडता होतो तो तसाच होऊ द्यावा लागतो. त्याला उद्दिष्टाच्या चौकटीत बसवले की बाकावरचा फोन नुसता मनगटावर चढतो. आणि हेही कबूल करायला हवे की अशा धावण्याने सगळे साधत नाही. स्नायूंची ताकद वेगळी कमवावी लागते, आणि ज्यांना गुडघ्यांचा किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून सायकलीमागे धावू नये. ज्या पालकांची पाळी रात्रीची असते किंवा ज्यांना मूल एकट्याने वाढवावे लागते, त्यांना हा पाऊण तासही परवडत नाही. त्यांना इच्छाशक्तीवरचे व्याख्यान देणे तर निर्दयपणाच ठरेल. त्यांच्यासाठी दारासमोरचा सुरक्षित रस्ता अधिकच मोलाचा आहे, कारण तिथे शेजारची आजी किंवा मोठा भाऊही मागून धावू शकतो.

म्हणून मागण्या नेमक्या असाव्यात. घरांच्या गल्ल्यांत ताशी ३० किलोमीटरहून अधिक वेग नसावा, आणि तो केवळ पाटीवर नसून रस्त्याच्या अरुंद, वळणदार रचनेतच असावा. क्रीडावर्गांच्या इमारतीभोवती वाट पाहणाऱ्यांसाठी बाकांइतकीच चालण्याची, धावण्याची वाट असावी. मुलांच्या सायकल प्रशिक्षणाला सार्वजनिक पैसा मिळतो तिथे त्यातला एक भाग मोठ्यांना पुन्हा सायकलवर बसवण्यासाठी राखावा, विशेषतः स्त्रियांना, कारण लहानपणी चालवलेली सायकल लग्नानंतर आणि बाळंतपणानंतर सुटली ती सुटलीच, असे सांगणाऱ्या बायका मला त्या बाकावर तीन भेटल्या, आणि चौथी मी होते.

मी एक जुनी सायकल घेतली आहे. पोटरी बरी झाल्यावर आम्ही दोघी संध्याकाळी निघतो. ती पुढे, मी मागे, मध्ये दोन सायकलींचे अंतर. घरापासून गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जायचे, तिथे मोठा रस्ता सुरू होतो म्हणून वळायचे आणि परत यायचे. कोपऱ्यावर ती दर वेळी एक पाय जमिनीला टेकवून थांबते आणि पलीकडे पाहते, कारण तिची शाळा तिथून दिसते. परवा तिने विचारले की आपण रोज इथूनच परत का वळतो. मी तिला वाहने दाखवली. ती थोडा वेळ मोजत राहिली, मग म्हणाली, "आई, यांना कोणी सावकाश जा असं सांगत का नाही?"